चालत्या माणसाची बंदूक

उन्हाळ्यात सामन मासे समुद्रातून नद्यांमध्ये चढू लागले की अलास्काच्या केनाई द्वीपकल्पावर त्यांच्या मागोमाग तपकिरी अस्वलं काठावर उतरतात. त्याच दिवसांत त्याच काठावर माणसंही असतात. कुणी गळ टाकून बसलेला, कुणी झाडांची मोजणी करणारा, कुणी पायवाट दुरुस्त करणारा, कुणी पाहुण्यांना घेऊन फिरणारा गाईड. आल्डरची झुडपं इतकी दाट की काही पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि पाण्याच्या आवाजात पलीकडची चाहूल लागत नाही. पूर्ण वाढलेलं अस्वल ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या वेगानं धावू शकतं. म्हणजे तीस मीटरचं अंतर त्याला दोन सेकंदांचं.

अशा ठिकाणी दिवसभर काम करणाऱ्या माणसाजवळ बंदूक असते ती शिकारीसाठी नसते. ती वेळ आलीच तर म्हणून असते, आणि वेळ काही सांगून येत नाही. म्हणून ती सदासर्वदा जवळ हवी. खरी अडचण तिथेच सुरू होते. लांब नळीची, दुर्बीण बसवलेली रायफल चार किलोंच्या घरात जाते. पाठीवर सामान, हातात गळ किंवा कुऱ्हाड, पायांखाली चिखल. तासाभरानं ती रायफल कुठल्यातरी झाडाला टेकवली जाते आणि माणूस कामाच्या नादात पन्नास पावलं पुढे निघून जातो. त्यानंतर ती असून नसल्यासारखीच. रानात वावरणाऱ्याच्या बंदुकीत ताकद आणि नेम यांच्याही आधी एक गुण पाहायला हवा: ती दिवसभर अंगावर वागवता येते का? आखूड नळीची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकली ती या एका गुणावर, असं माझं ठाम मत आहे. तिच्या उणिवा बऱ्याच आहेत, त्याही मी पुढे मांडणार आहे.

काऊबॉयच्या चित्रपटांमुळे ही बंदूक आपल्याकडेही ओळखीची आहे. चापाभोवती जी लोखंडी कडी असते तीच हिची लिव्हर. बोटं कडीत ठेवून ती खाली-पुढे ढकलायची आणि परत वर ओढून घ्यायची, एवढंच काम. पण त्या एका हेलकाव्यात आत बरंच काही घडतं. विंचेस्टरच्या १८९४ च्या मॉडेलमध्ये कडी खाली गेली की बंदुकीच्या पोटाचा एक भाग बिजागरीसारखा खाली उघडतो, बोल्टला मागून टेकू देणारा पोलादी ठोकळा खाली सरकतो आणि बोल्ट मोकळा होऊन मागे येतो. येताना तो झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढून बाहेर फेकतो आणि घोडा मागे दाबून तयार ठेवतो. नळीखाली तेवढीच लांब दुसरी नळी असते, ते मॅगझिन. त्यातल्या स्प्रिंगनं एक काडतूस आधीच मागे ढकललेलं असतं. एक छोटा पाळणा ते उचलून चेंबरच्या तोंडाशी आणतो. कडी वर आली की बोल्ट त्याला आत सारतो, ठोकळा पुन्हा मागे चढून बसतो, आणि बंदूक झाडायला तयार. सरावाच्या हाताला याला सेकंदही लागत नाही. दस्ता खांद्यावरून हलवावा लागत नाही, आणि कडी डाव्या हातानंही तितकीच सहज चालते.

या सगळ्या रचनेचा वाहून नेण्याशी संबंध आहे. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलला उजवीकडे बोल्टची मूठ बाहेर आलेली असते. दुर्बीण असली तर वरही उंचवटा. लिव्हर-अ‍ॅक्शन दोन्ही बाजूंनी सपाट. जाडी जेमतेम सव्वा-दीड इंच. खोगिराला कातडी म्यानात अडकवली तर ती घोड्याच्या फासळीला टोचत नाही, स्वाराच्या गुडघ्याखाली रुतत नाही. मॅगझिन खाली लोंबत नसल्यामुळे पोटाखालचा भाग मोकळा असतो, आणि तोल नेमका तिथेच सापडतो. चालताना एका हाताची बोटं त्या जागेभोवती पूर्ण वळतात आणि बंदूक आडवी, जमिनीला समांतर लटकते. दुसरा हात मोकळा राहतो. काडतूस संपलं तर बाजूच्या झडपेतून एकेक काडतूस अंगठ्यानं आत सारता येतं, रोख समोरून न हटवता. हा शेवटचा गुण मला फार मोलाचा वाटतो. दोन गोळ्या झाडल्यावर दोन भरता येणारी बंदूक ऐन वेळी पूर्ण रिकामी सापडण्याची शक्यता कमी.

हिचा जन्म रानात झाला नाही. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन इथे ऑलिव्हर विंचेस्टर हा शर्ट बनवणारा कारखानदार होता. बंदुकीच्या एका बुडत्या कंपनीत त्यानं पैसे घातले आणि कारखाना ताब्यात घेतला. तिथला कारागीर बेंजामिन टायलर हेन्री यानं १८६० मध्ये आपल्या रायफलचं पेटंट घेतलं. तिच्यात सोळा काडतुसं मावत, पण ती मॅगझिनच्या पुढच्या टोकाकडून भरावी लागत आणि मॅगझिनला खालून लांब खाच असल्यामुळे माती आत जाई. १८६६ च्या मॉडेलमध्ये नेल्सन किंगनं बाजूची झडप दिली आणि मॅगझिन बंद झालं. मग १८७३ चं प्रसिद्ध मॉडेल आलं. ही सगळी यंत्रणा गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्यावर चाले आणि बेताच्याच ताकदीचं काडतूस पेलू शके. मोठ्या जनावरासमोर तिच्यावर भिस्त ठेवणं धाडसाचंच होतं.

हे बदललं ते युटा राज्यातल्या ऑग्डेन गावच्या जॉन मोझेस ब्राऊनिंगमुळे. मॉर्मन बंदूकसाजाचा हा मुलगा बापाच्या दुकानात वाढला. विंचेस्टरच्या टॉमस बेनेटनं त्याची एक रायफल पाहिली आणि तो थेट ऑग्डेन गाठून तिचे हक्क विकत घेऊन आला. त्यानंतर ब्राऊनिंगच्या डोक्यातून निघालेली रायफल म्हणजे १८८६ चं मॉडेल. त्यात बोल्टच्या दोन्ही बाजूंनी दोन उभे पोलादी खुंट वर चढून त्याला जखडतात. या एका कल्पनेनं लिव्हर-अ‍ॅक्शन .४५-७० सारखं जड काडतूस झेलू लागली. पुढे बेनेटला तीच रचना लहान आकारात हवी होती. ब्राऊनिंगनं ती महिन्याभरात करून देण्याची पैज मारली आणि जिंकली, असं सांगतात. ती बंदूक म्हणजे मॉडेल १८९२. सुमारे दहा लाख नग निघाले. उत्तर ध्रुवाच्या मोहिमांवर रॉबर्ट पिअरीनं हीच जवळ बाळगली होती.

दोन वर्षांनी १८९४ चं मॉडेल आलं आणि त्याच्या पाठोपाठ १८९५ मध्ये .३०-३० हे बिनधुराच्या दारूचं काडतूस. त्या काळातल्या शिकाऱ्याला हे केवढं मोठं वाटलं असेल! काळ्या दारूचा धूर नाही, नळीत राड नाही, गोळी आधीपेक्षा हलकी आणि कितीतरी वेगवान. या बंदुकीचे सत्तर लाखांहून अधिक नग बनले. दहा लाखावा नग १९२७ मध्ये अध्यक्ष कूलिज यांना भेट दिला गेला. वीस इंची नळीची तिची कार्बाइन साधारण तीन किलोंची, लांबी अडतीस इंचांच्या आसपास. कॅनडात आणि अमेरिकेच्या पश्चिमेत ती घराघरांत गेली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोलंबियाच्या किनारपट्टीवर जपानी हल्ल्याची भीती होती. तेव्हा लाकूडतोडे, कोळी आणि सापळे लावणारे यांची ‘पॅसिफिक कोस्ट मिलिशिया रेंजर्स’ ही तुकडी १९४२ मध्ये उभी राहिली आणि त्यातल्या पुष्कळांच्या हाती सरकारनं .३०-३० च्या या कार्बाइनच दिल्या. घनदाट ओल्या रानात आयुष्य गेलेल्या माणसांना परकी बंदूक शिकवत बसण्यापेक्षा हे शहाणपणाचं होतं.

वीस इंचांपेक्षाही आखूड नळीच्या कार्बाइन विंचेस्टर मागणीनुसार बनवून देत असे. चौदा, पंधरा, सोळा इंची. फरसाठी सापळे लावणाऱ्यांवरून संग्राहक आज त्यांना ‘ट्रॅपर’ म्हणतात. सापळे लावणाऱ्याची फेरी दिवसेंदिवस चालते: बर्फात, बुटक्या स्प्रूसच्या गचपणातून, कधी होडीत, कधी कुत्र्यांच्या गाडीवर. त्याला सापळ्यातलं जनावर संपवायचं असतं, वाटेत मिळालं तर हरीण खायला हवं असतं, आणि रात्री तंबूशी आलेल्या अस्वलाचाही बंदोबस्त हवा असतो. आपल्याकडे कोकणातला गडी कमरेला आकडी बांधून त्यात कोयती अडकवतो आणि मगच घराबाहेर पडतो. झाडाला लावायला कुऱ्हाड अधिक चांगली हे त्यालाही ठाऊक असतं, पण दिवसभर अंगावर राहते ती कोयतीच. आखूड कार्बाइनचं तसंच आहे.

मग नळी किती आखूड असावी? इथे एक अनपेक्षित गोष्ट आड येते, ती म्हणजे कायदा. १९३४ मध्ये अमेरिकेनं शहरांतल्या टोळीयुद्धांना आळा घालण्यासाठी नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट केला. लपवता येतील अशा आखूड रायफली नोंदणीच्या आणि कराच्या कक्षेत आल्या. रायफलच्या नळीची आजची मर्यादा सोळा इंच, एकूण लांबीची सव्वीस. शिकागोच्या गुंडांसाठी केलेला नियम युकॉनच्या सीमेवरच्या ट्रॅपरलाही लागू झाला. आज अमेरिकी बाजारात ट्रॅपर नावाच्या रायफलींच्या नळ्या सोळा किंवा सोळा पूर्णांक एक दशांश इंचाच्या असतात त्या यामुळे. तो दशांश कायद्याच्या रेषेपासून लांब राहण्यापुरता. कॅनडाचा नियम वेगळा आहे. हातानं चालवायच्या रायफलची नळी कारखान्यातूनच आखूड आली असेल आणि एकूण लांबी ६६० मिलिमीटरहून जास्त असेल, तर ती साध्या परवान्यावर मिळते. त्यामुळे तिथे बारा-चौदा इंची लिव्हर-अ‍ॅक्शन मिळतात. आणि त्यांची गरजही तिथेच अधिक, कारण रानात जाणाऱ्या सामान्य माणसाला कॅनडात पिस्तूल जवळ बाळगता येत नाही.

नळी कापली की काय गमावतो, हे काडतुसावर अवलंबून असतं. .३०-३० ची जवळपास अकरा ग्रॅमची गोळी सेकंदाला ६७० मीटरच्या आसपास सुटते. चार इंच नळी कमी झाली तर त्यातले पंचवीस-तीस मीटर जातात. पन्नास-शंभर मीटरच्या आतल्या कामाला याचा फरक पडत नाही. मूळ रिव्हॉल्व्हरसाठी बनलेल्या काडतुसांची गोष्ट आणखी चांगली. .४४ मॅग्नमची साडेपंधरा ग्रॅमची गोळी सहा इंची रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला सुमारे ४२० मीटरनं निघते, सोळा इंची कार्बाइनमधून ५२० च्या घरात. दारू पूर्ण जळायला तेवढी नळी पुरते. ताकद जवळपास दीडपट होते आणि धक्का मात्र बेताचा राहतो, कारण आता दस्ता खांद्याला टेकलेला आहे. रिव्हॉल्व्हरनं दहा मीटरवर धावत्या जनावराला गाठणं फार थोड्यांना जमतं. तीच गोळी कार्बाइनमधून साधारण माणूसही नेमकी लावू शकतो. आखूडपणाची खरी किंमत मोजतात ते कान. नळीचं तोंड जवळ आल्यानं आवाज आणि लखलखाट दोन्ही वाढतात, आणि नळीच्या टोकाशी धक्का कमी करणारी छिद्रं पाडलेली असली तर कानठळ्याच बसतात.

ब्राऊनिंगच्या १८८६ च्या यंत्रणेचं मोल अलास्कातल्या लोकांना चांगलंच कळलं होतं. केनाईवरच्या कूपर लँडिंग इथे राहणाऱ्या हॅरॉल्ड जॉन्सन या बंदूकसाजाला तपकिरी अस्वलासाठी विंचेस्टरच्या या घराण्यातली रायफल आवडत होती, पण काडतूस अपुरं वाटत होतं. विंचेस्टरचं मॉडेल ७१ हे १८८६ चंच सुधारलेलं रूप, त्याचं काडतूस .३४८. त्याच्या पुंगळीचं तोंड रुंद करून जॉन्सननं .४५० अलास्कन बनवलं. पुढे त्याहून मोठं .५० अलास्कन. त्यासाठी सोयीच्या गोळ्या मिळेनात, तेव्हा मशीनगनच्या पन्नास कॅलिबरच्या गोळ्या कापून त्यांचा मागचा भाग त्यानं उलटा बसवला, असं सांगतात. पुढचं टोक आपोआप बोथट झालं, आणि लिव्हर-अ‍ॅक्शनला बोथटच टोक हवं असतं. ज्या माणसाला स्वतःच ती बंदूक घेऊन झुडपात शिरायचं आहे, त्यानं आपल्या टेबलावर केलेलं हे काम आहे.

अलास्कात दळणवळणाचं साधन म्हणजे छोटं विमान. रस्ते मोजके. नदीच्या वाळूवर किंवा तळ्यावर उतरणारं विमान कुठेही अडकून पडू शकतं, म्हणून वैमानिकानं जवळ बंदूक आणि काडतुसं ठेवलीच पाहिजेत असा त्या राज्याचा कायदाच होता. पुढे ती अट गेली. दोन माणसांच्या विमानात जागा किती असते हे ज्यानं पाहिलं आहे त्याला आखूड बंदुकीचं महत्त्व सांगावं लागणार नाही. अँकरेजच्या ‘वाइल्ड वेस्ट गन्स’ या कारखान्यानं मार्लिन कंपनीची रायफल घेऊन तिची नळी आखूड केली, ती अवजारांशिवाय वेगळी करून ठेवता येईल अशी केली आणि तिला नाव दिलं ‘को-पायलट’. सीटमागे मावणारी ही बंदूक वैमानिकांमध्ये आणि गाईडांमध्ये नावाजली.

मार्लिनचं थोडं वेगळं सांगायला हवं. हाही न्यू हेवनचाच कारखाना. विंचेस्टरची पुंगळी वरून बाहेर उडते, मार्लिनची १८८९ पासून बाजूनं. वरचा भाग बंद असल्यामुळे पाऊस-बर्फ आत कमी जातो आणि वर दुर्बीण बसवता येते. १९४८ मध्ये आलेलं मॉडेल ३३६ खेड्यापाड्यांत विंचेस्टरइतकंच पसरलं. १९७२ मध्ये .४५-७० साठी नवं मॉडेल १८९५ आलं, आणि १९९८ मध्ये साडेअठरा इंची नळीची ‘गाइड गन’. आजच्या आखूड, जड काडतुसाच्या रायफलींची लाट तिथून उठली. पुढे मार्लिन रेमिंग्टनच्या ताब्यात गेली, कारखाना हलला, जुने कारागीर सुटले आणि दर्जा घसरला. वाकडी लागलेली नेमाची माशी आणि खरखरणारी लिव्हर यांच्या तक्रारी त्या काळात सर्रास होत्या. २०२० मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं निघालं, रुगर या बंदूक कंपनीनं मार्लिन विकत घेतली आणि २०२१ च्या अखेरीस .४५-७० ची पहिली रायफल पुन्हा बाजारात आली. तिच्या ट्रॅपर आवृत्तीची नळी सोळा इंची, लांबी चौतीस इंचांच्या आसपास, वजन सव्वातीन किलो. स्टेनलेस पोलाद, पाण्यानं न फुगणारा थरांचा दस्ता, हातमोजा मावेल एवढी मोठी कडी. अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर पावसाळा हा ऋतू नसून नित्याची गोष्ट आहे. तिथे हे पोलाद आणि हा दस्ता उपयोगाचेच आहेत. विंचेस्टरनं न्यू हेवनमधलं उत्पादन २००६ मध्ये बंद केलं. तिच्या लिव्हर-अ‍ॅक्शन आता जपानमध्ये मिरोकूच्या कारखान्यात बनतात आणि उत्तम बनतात.

आता उणिवा. नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात, एकाच्या गोळीचं टोक पुढच्याच्या ठिणगी पाडणाऱ्या प्राइमरला टेकलेलं. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्यानं मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. म्हणून गोळी बोथट हवी, आणि बोथट गोळी हवेत लवकर मंदावते. काडतुसं बनवणाऱ्या हॉर्नाडी कंपनीनं मऊ टोकाची गोळी काढून यावर तोडगा शोधला आहे, तरीही दोनशे मीटरपलीकडच्या नेमासाठी ही बंदूक नाही. उघड्या डोंगरावर रानमेंढ्यांमागे जाणाऱ्यानं बोल्ट-अ‍ॅक्शनच घ्यावी. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाडीवरून गस्त घालणारं डॅनिश लष्कराचं सिरियस पथक कित्येक वर्षं पहिल्या महायुद्धाच्या काळातली एनफील्ड बोल्ट-रायफल वापरत आलं, कारण कडाक्याच्या थंडीत भाग जितके कमी तितका विश्वास अधिक. लिव्हर-अ‍ॅक्शनच्या पोटात भाग पुष्कळ आहेत, आणि बिघाड झाला तर रानात ती उघडणं सोपं नाही.

दुसरी उणीव हाताची. घाबरलेल्या माणसाकडून कडी पूर्ण टोकापर्यंत ढकलली जात नाही. मग पाळणा अर्धवट उचलला जातो, काडतूस तिरपं अडकतं आणि बंदूक मधल्यामध्ये थांबते. मार्लिनमध्ये पाळणा झिजला की दुसरं काडतूस त्याच्या खाली सटकतं, आणि तेव्हा तर स्क्रू काढल्याशिवाय गत्यंतर नसतं. तिसरी उणीव रिकामी करण्याची. जुन्या पद्धतीच्या रायफलमधली काडतुसं काढायची तर ती एकेक करून चेंबरमधूनच फिरवावी लागतात. रोज संध्याकाळी थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी, तंबूच्या दाराशी, आजूबाजूला माणसं असताना हे करणं धोक्याचं आहे. आजच्या हेन्री कंपनीच्या रायफलींमध्ये मॅगझिनची आतली नळी पुढून ओढून काडतुसं ओतून घेता येतात. ही सोय मला बाकी सगळ्या नव्या सजावटीपेक्षा मोठी वाटते. चेंबर भरलेलं ठेवून घोडा अर्ध्यावर उतरवणं हाही तसाच नाजूक प्रकार: ओला अंगठा घसरला की गोळी सुटली. चालताना चेंबर रिकामं आणि मॅगझिन भरलेलं ठेवावं, ही जुन्या गाईडांची रीत मला पटते. कडीचा एक हेलकावा, एवढाच फरक. पण मग तो हेलकावा अंगवळणी पडेपर्यंत सराव हवा.

सरावाचा हा मुद्दा मी इतका का धरून बसलो आहे, त्याचं कारण टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अस्वल-अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास. १८८३ ते २००९ या काळातल्या अलास्कातल्या, बंदूक जवळ असलेल्या माणसांच्या २६९ घटना त्यांनी तपासल्या. पिस्तुलं ८४ टक्के वेळा आणि लांब बंदुका ७६ टक्के वेळा अस्वलाला थोपवू शकल्या. बंदूक निकामी ठरली तिथे का ठरली? सर्वांत मोठं कारण, प्रतिसाद द्यायला वेळच मिळाला नाही. त्यानंतर, बंदूक वापरलीच गेली नाही. मग अडकलेली यंत्रणा, फार जवळ आलेलं अस्वल, चुकलेला नेम, आणि न सुटलेली सेफ्टी. गोळी अपुरी पडली हे कारण या यादीत ठळकपणे कुठे दिसत नाही. काडतुसांच्या ताकदीवर आयुष्यभर वाद घालणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा. आणखी एक निष्कर्ष पचायला जड आहे: ज्यांनी बंदूक वापरली आणि ज्यांनी जवळ असून वापरली नाही, त्यांच्या इजांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. याच अभ्यासकांच्या २००८ च्या आधीच्या कामात मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्यानं तपकिरी अस्वलाला ९२ टक्के वेळा रोखलं होतं. दोन्ही अभ्यासांतल्या घटना एकसारख्या नाहीत, त्यामुळे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. तरी पट्ट्याला फवारा आणि हातात कार्बाइन असेल तर आधी फवाऱ्याकडे हात जावा, असं मला वाटतं. तो हलका आहे, नेम थोडा चुकला तरी चालतो, आणि अस्वलही जिवंत परत जातं.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर जंगल आणि बंदूक यांची जोडी आपल्या मनात चोरट्या शिकारीशीच जोडली गेली, आणि ते योग्यच झालं. पण मेळघाटात आणि ताडोबात वनरक्षक आजही काठी घेऊन पायी गस्त घालतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या तयारीसाठी पायी गेलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तिच्या हाती कार्बाइन असायला हवी होती असं मी म्हणत नाही. दाट रानात वाघाच्या झेपेपुढे ती कितपत उपयोगी पडली असती कोण जाणे. पण रानात पायी काम करणाऱ्या माणसाच्या हाती काय द्यायचं याचा विचार अलास्कात जितक्या बारकाईनं झाला, तितक्याच बारकाईनं तो इथली जनावरं, इथलं रान आणि इथला कायदा धरून व्हायला हवा, आणि तो वनरक्षकांशी बोलून व्हायला हवा.

आखूडपणाची हौस मात्र कधीकधी फार पुढे जाते. १९५८ मध्ये सुरू झालेल्या ‘वॉन्टेड: डेड ऑर अलाइव्ह’ या अमेरिकी टीव्ही मालिकेत स्टीव्ह मॅक्वीनच्या मांडीला एक कापलेली १८९२ लटकलेली असे. नळी आखूड, दस्ता जवळजवळ नाहीच. कमरपट्ट्यात दिसायला भारी म्हणून .४५-७० ची मोठी काडतुसं लावली होती. त्या बंदुकीत ती बसतच नव्हती. त्या बंदुकीच्या नकला आज कायद्यानं पिस्तूल म्हणून विकल्या जातात. खांद्याला टेकवता येत नाही, म्हणून नेम लागत नाही. दोन हात लागतात, म्हणून पिस्तुलाची सोय नाही. आणि धक्का सगळा मनगटावर. नळी कितीही आखूड करा, दस्ता पूर्ण हवा.

कुणी घ्यायचीच म्हटलं तर माझी पसंती रानाप्रमाणे बदलेल. काळ्या अस्वलांच्या मुलखात पायी काम असेल तर सोळा इंची नळीची .४४ मॅग्नम, १८९२ च्या रचनेची असेल तर अडीच किलोंच्या आसपास भरते, आठ काडतुसं घेते, आणि सरावाला धक्का जाणवत नाही म्हणून सराव होतो. घरात मांसही त्याच बंदुकीनं आणायचं असेल तर वीस इंची .३०-३०, आणि तीही जुनी: १९६४ मध्ये विंचेस्टरनं खर्च कमी करायला पत्र्यातून ठोकलेले भाग वापरायला सुरुवात केली, त्याआधीची मिळाली तर उत्तम. तपकिरी अस्वलांच्या किनाऱ्यावर .४५-७०, पण मध्यम ताकदीच्या काडतुसांसह, कारण सर्वांत जहाल काडतूस तीन किलोंच्या बंदुकीतून झाडल्यावर दुसऱ्या गोळीसाठी नळी समोर आणायला जो वेळ जातो, तो त्या दोन सेकंदांतूनच जातो. माशी मोठी पांढरी आणि मागे रुंद गोल झरोका; दुर्बीण नको. साधा पट्टा असावा, पण झुडपात शिरताना तो काढून बंदूक हातात घ्यावी.